भूत शेवटी खोटंच निघालं पाहिजे

फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी ही चार पोरं आणि स्कूबी हा त्यांचा कुत्रा व्हॅनमधून फिरत भुतांची रहस्यं उकलतात, ते अमेरिकी कार्टून म्हणजे स्कूबी-डू. नेटफ्लिक्सने 2025 मध्ये त्याची जिवंत कलाकारांना घेऊन नवी मालिका जाहीर केली आणि आमच्या पस्तिशी-चाळिशीतल्या पिढीत जुनंच भांडण नव्याने पेटलं. कथेची जाहीर झालेली रूपरेषा अशी : शॅगी आणि डॅफ्नी उन्हाळी शिबिरात आहेत, तिथे त्यांना ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं एक हरवलेलं पिल्लू भेटतं, आणि ते पिल्लू म्हणे एका अलौकिक खुनाचं साक्षीदार असावं. एक गट म्हणतो, आमच्या लहानपणाला हात लावू नका. तीच व्हॅन, तोच शॅगीचा हिरवा शर्ट, तेच धावपळीतलं गाणं हवं. दुसरा गट म्हणतो, आजच्या पोरांना ते बाळबोध वाटतं. काळोखी, मोठ्यांची, खऱ्याखुऱ्या भुतांची गोष्ट करा. दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघेही कपडेपटाच्या पलीकडे जात नाहीत. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. व्हॅनचा रंग बदला, पोरांच्या हातात मोबाइल द्या, गाव बदला, भाषा बदला, हवं तर कुत्र्याच्या जागी मांजर आणा. पण भूत शेवटी खोटं निघालं पाहिजे, आणि ते खोटं आहे हे बघणाऱ्या पोराला स्वतःच्या डोक्याने ओळखता आलं पाहिजे. एवढं राखलं तर ते स्कूबी-डू. एवढं गेलं तर बाकी सगळं हुबेहूब असूनही काही उपयोग नाही.

आधी ‘मूळ ते मूळ’ म्हणणाऱ्यांचं बघू. कुठलं मूळ? पहिला भाग अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर 13 सप्टेंबर 1969 रोजी लागला. त्याच्या आदल्या वर्षी, जून 1968 मध्ये, रॉबर्ट केनेडींची हत्या झाली होती, टीव्हीवरच्या मारामारीवर पालकांच्या संघटना चिडलेल्या होत्या, आणि शनिवार सकाळची सुपरहिरोंची कार्टूनं वाहिन्यांना जड होऊ लागली होती. काहीतरी सौम्य हवं म्हणून सीबीएसचे अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन हॅना-बार्बेरा या कार्टून बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. जो रुबी आणि केन स्पीअर्स या दोन लेखकांनी गाणारी-वाजवणारी आणि फावल्या वेळात रहस्यं उकलणारी पोरं कल्पिली. कुत्रा होता, पण तो कोपऱ्यात, आणि त्याचं नाव ‘टू मच’. वाहिनीच्या वरिष्ठांना हे फारच भीतिदायक वाटलं आणि प्रस्ताव परत आला. मग भित्र्या, खादाड कुत्र्याला पुढे आणलं, वाद्यवृंद काढून टाकला, आणि सिल्व्हरमनना फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटच्या गुणगुणण्यावरून कुत्र्याचं नाव सुचलं. म्हणजे ज्याला आपण मूळ मूळ म्हणून कवटाळतो, ते मुळातच पालकांच्या दबावाखाली झालेली तडजोड आहे. आणि तडजोड इतकी उत्तम उतरली की पहिल्या दोन हंगामांचे मिळून अवघे 25 भाग असूनही त्यांच्यावर अर्धशतक निघालं.

त्यानंतर काय बदललं नाही? 1979 मध्ये स्कूबीचा स्क्रॅपी नावाचा पुतण्या आणला. तो आगाऊ पुतण्या आजही अनेकांच्या डोक्यात जातो. 1988 मध्ये सगळ्यांना शाळकरी वयाचं केलं. शॅगीचा आवाज देणारे केसी केसम स्वतः शाकाहारी; बर्गरच्या जाहिरातीत शॅगीचा आवाज द्यायला नकार देऊन ते बाहेर पडले आणि शॅगी यापुढे शाकाहारी असेल या बोलीवर 2002 मध्ये परतले. मांसाचे डोंगर रिचवणारा शॅगी शाकाहारी झाला, तेव्हा कुणाचं बालपण बुडालं? 2023 च्या ‘वेल्मा’ या मालिकेवर मात्र गदारोळ झाला, कारण वेल्मा भारतीय वंशाची दाखवली होती. आपल्याकडचेही काहीजण त्या गदारोळात हिरिरीने सामील झाले, याची मला अजून गंमत वाटते. त्या मालिकेत स्कूबीच नव्हता, ती लहान मुलांसाठी नव्हती, आणि ज्या गोष्टीवर ती उभी होती तिचीच ती सारखी टर उडवत होती. दोन हंगामांत ती गुंडाळली गेली. दोष शोधायला एवढी जागा असताना लोकांनी सगळा दारूगोळा कातडीच्या रंगावर संपवला.

मग या मालिकेचा कणा कुठला? पहिल्याच भागात संग्रहालयातलं चिलखत चालू लागतं. शेवटी कळतं की संग्रहालयाचा अभिरक्षकच खऱ्या चित्रांच्या जागी बनावट चित्रं लावून अस्सल माल बाहेर काढत होता. आणखी एका भागात जुन्या सोन्याच्या खाणीत खाणकामगाराचं भूत फिरतं आणि पाहुणे पळून जातात. मुखवटा ओढल्यावर खाली निघतो तिथलाच नोकर हँक. खाणीत तेल लागलंय हे त्याला कळलेलं असतं; लोक घाबरून गेले की जागा कवडीमोलाने पदरात पाडून घ्यायची, हा त्याचा बेत. बघा, इथे भुताला हेतू आहे. जमीन, वारसा, चोरटा माल, पैसा. सोलापुरात वाढलेल्या कुणाला हे परकं वाटेल? गिरण्या बंद पडल्या, त्यांची आवारं ओस पडली, पेठेतल्या जुन्या वाड्यांवर भावाभावांचे दावे लागले. अशा एखाद्या वाड्यात ‘रात्री बाई रडते’ ही आवई उठली की भाडेकरू आधी जातो, मग गिऱ्हाईक जातं, मग भाव जातो, आणि शेवटी तो वाडा कोण घेतं हे बघितलं की बाई का रडत होती ते कळतं. ‘यात फायदा कुणाचा?’ हा प्रश्न नऊ-दहा वर्षांच्या पोराला विचारायला लावणारं दुसरं कार्टून मला तरी आठवत नाही.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, कारण तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. 1998 मध्ये व्हिडिओवर एक चित्रपट आला, झॉम्बींच्या बेटावरचा, आणि त्यात भुतं खरी होती. तो अनेक चाहत्यांना आवडला, मलाही आवडला. 2010 ते 2013 या काळात आलेली ‘मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड’ ही सलग कथेची मालिका तर लेखनाच्या दृष्टीने सगळ्यांत उजवी, आणि तिच्याही मुळाशी शेवटी अलौकिक शक्तीच निघते. मग खऱ्या भुतांनी मालिका बिघडते असं कसं म्हणता? उत्तर असं की ते दोन्ही प्रयोग उधारीवर उभे होते. बेटावरच्या चित्रपटात फ्रेड झॉम्बीचं डोकं मुखवटा समजून ओढायला जातो, तेव्हा अंगावर काटा येतो, तो एकोणतीस वर्षं बहुतेक वेळी मुखवटाच निघत आला म्हणून. नियम ठाऊक असल्याशिवाय नियम मोडल्याची मजा येत नाही. आमच्या पिढीला नियम पाठ होता, आम्हाला ती मजा मिळाली. जिने स्कूबी-डूचा एकही भाग पाहिलेला नाही अशा नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्याच भागात खरं भूत दाखवलं, तर तिला काय मिळालं? आणखी एक भुताची गोष्ट. तशा गोष्टी तिच्याकडे आधीच ढिगाने आहेत. आपल्या मालिकांमध्ये नागिणी, चेटकिणी आणि सूड घ्यायला परतलेल्या आत्म्यांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो भुताचा मुखवटा ओढणाऱ्यांचा.

दुसरा आक्षेप असा की दर वेळी माणूसच निघणार हे माहीत असेल तर भीती कसली? मुलांना भीती हवी असते हे मला मान्य आहे. आजीच्या गोष्टीतला राक्षस काढून टाकणाऱ्या पालकांशी माझं कधी जमलं नाही. पण भीती आणि फसवणूक या दोन गोष्टी एकत्र नांदल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलं? सोलापूरला संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर पाळण्यांच्या पलीकडे भूतबंगल्याचा तंबू लागतो. एका जानेवारीत भाचीला घेऊन गेले होते. आतून किंचाळत बाहेर आली, आणि आम्ही तंबूच्या मागच्या बाजूने निघालो तर जनरेटरशेजारी काळा झगा घातलेला एक पोरगा, रबरी कवटी कपाळावर सरकवून, प्लॅस्टिकच्या कपातून चहा पीत उकिडवा बसलेला. भाची थबकली. ‘‘आत्या, भूत चहा पितंय की!’’ मला वाटलं, गेली मजा. तर पोरगी म्हणे, पुन्हा तिकीट काढ. दुसऱ्यांदा आत गेली तेव्हा पहिल्याइतकीच किंचाळली, फक्त वळणावर तो झगा पुढे आला तशी ओरडली, ‘‘ए चहावाल्या!’’ तिची भीती कमी झाली नव्हती. भीतीच्या वर तिला एक जागा सापडली होती, जिथे उभं राहून ती भुताशी बोलू शकत होती. शॅगी आणि स्कूबी प्रत्येक भागात थरथर कापतात आणि प्रत्येक भागात आत जातात. पन्नासाव्यांदा मुखवटा निघाल्यावरही त्यांची थरथर थांबत नाही, आणि पोरांचं हसणंही.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे, आणि तो दबक्या आवाजात येतो. सारखं ‘हे खोटं, ते खोटं’ दाखवलं तर मुलं श्रद्धाहीन होतील, मोठ्यांचा मान ठेवणार नाहीत. या काळजीत तथ्य नाही असं नाही. प्रत्येक गोष्टीवर नाक मुरडणारं पोर मलाही आवडत नाही. पण मुखवटा काढणारी पोरं ‘काही खरं नाही’ म्हणत खांदे उडवून घरी जात नाहीत. ती पावलांचे ठसे मोजतात, सापळा लावतात, सापळा फसला की दुसरा लावतात. संशय घेणं आणि शोध घेणं यातला फरक असा दाखवूनच कळतो. कार्टून नेटवर्क भारतात आलं 1995 च्या मे महिन्यात. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या. शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध चमच्यात घेऊन ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दाखवलं, पृष्ठताण समजावून सांगितला. त्याने कुणाचा देव गेला? गणेशोत्सव पुढच्या वर्षीही थाटात झाला. महाराष्ट्रात शाळाशाळांतून अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं चमत्कारांची प्रात्यक्षिकं करतात : नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा आधीच दडवलेला, वर पाणी शिंपडलं की नारळ भप्पकन पेटतो. आधी चमत्कार करून दाखवायचा, पोरांचे आ वासू द्यायचे, आणि मग शेंडी सोडून आतलं दाखवायचं. हा स्कूबी-डूचाच आराखडा आहे. कुणी कुणाकडून घेतला नाही, दोघांनाही मूल कसं शिकतं ते ठाऊक होतं. हे काम किती महागात पडू शकतं तेही आपण पाहिलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना तर वाटे की मोठ्यांसाठीही एखादी स्कूबी-डूसारखी मालिका असायला हवी. आमच्याकडे ‘पैशांचा पाऊस’ पाडून देणाऱ्याला घरचं सोनं देऊन बसणारे मोठेच असतात.

चौथा मुद्दा मला सगळ्यांत अवघड वाटला. आजच्या भुताला मुखवटाच नाही, असं एका तरुण मित्राचं म्हणणं. बनावट व्हिडिओत चेहरा दुसऱ्याचा, आवाज दुसऱ्याचा. पाठवणारा कोण, कुठला, पत्ता नाही. ओढायचं काय? खरं आहे. पण 1969 च्या भुतांकडेही निव्वळ रबर नव्हतं. प्रोजेक्टर होते, ध्वनिमुद्रित हसणं होतं, अंधारात चमकणारे लेप होते. त्या काळाच्या मानाने ती अद्ययावत लबाडीच होती. तंत्र बदललं म्हणून विचारायचे प्रश्न बदलत नाहीत : हे कुणी पाहिलं? स्वतः पाहिलं की ऐकलं? लोक घाबरले तर कुणाचं भलं?

हे प्रश्न न विचारल्याने काय होतं, ते सोलापूर जिल्ह्याला सांगायला नको. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा आधीपासून मोबाइलवर पसरलेल्या. आठवडी बाजारात आलेल्या पाच अनोळखी माणसांना जमावाने पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्या टोळीचं भूत कुणीही पाहिलेलं नव्हतं. कार्टून बघितलं असतं तर ते पाच जण वाचले असते असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. तिथे पोलीस कमी पडले, भटक्या माणसाकडे बघण्याची आपली नजर कमी पडली. पण त्या गर्दीत ‘थांबा, पुरावा काय?’ असं विचारायची सवय कुणाला कधी लागली होती? 1988 च्या बालरूपातल्या मालिकेत एक गमतीचा खेळ होता : फ्रेड जवळजवळ दर भागात त्याच एका दांडगट पोरावर आळ घेतो, आणि दर वेळी तोंडघशी पडतो. तो पोरगा उद्धट आहे, नावडता आहे, पण गुन्हेगार नाही. सात वर्षांचं मूल त्यावर खदखदा हसतं, आणि हसता हसता त्याच्या कानावरून जातं की नावडता असणं हा पुरावा नव्हे. ज्यांना साचा शिळा वाटतो त्यांनी हे आठवावं. साचा तोच होता, आणि तरी त्यातून नवं काढता आलं.

‘अमेरिकन कुत्र्याचं एवढं कौतुक कशाला, आपलं काही काढा ना’ असंही कुणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. आपणही हा प्रयोग केलाय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017 मध्ये पडद्यावर परत आला. फुरसुंगीचा तो काटकुळा शाळकरी पोरगा आता तरुण झालेला, हातात मोबाइल, समोर प्रवेश परीक्षेतला घोटाळा. तो ‘ट्टॉक्’ टिकला, चौकसपणा टिकला, त्यामुळे चित्रपट जमला. पण एक गोष्ट निसटली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही : तो आता मुलांचा राहिला नव्हता. आम्ही मोठे झालो तसा आम्ही त्यालाही मोठा केला. ‘नव्या पिढीसाठी’ असं म्हणत केलेली बहुतेक पुनरुज्जीवनं जुन्या पिढीसाठीच असतात, कारण तिकिटाचे आणि वर्गणीचे पैसे तिच्या खिशात असतात. शिबिरातल्या खुनाची जाहिरात वाचल्यावर मला शंका येते ती हीच. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारा, शाळेत मराठी शिकणारा आणि कार्टून हिंदीतून बघणारा चौथीतला पोरगा त्या निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर नसणार हे मी समजू शकते. पण कुठलाच चौथीतला पोरगा नसेल, तर मग ही मालिका कुणासाठी?

एक गोष्ट मात्र मीही बदलीन. जुन्या भागांत मुखवटा निघाला की खालचा माणूस पोरांच्या नावाने दातओठ खातो, पोलीस बेड्या घालतात, सगळे हसतात, संपलं. त्या माणसाचं पुढे काय, याची कुणाला फिकीर नाही. आपल्याकडे भानामतीच्या प्रकरणांत काम करणाऱ्यांनी याहून शहाणी पद्धत पाडली आहे. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, गाव घाबरतं, मांत्रिक पैसे उकळतो. कार्यकर्ते जातात, घरातल्या एकेकाशी बोलतात, आणि बरेचदा दगडामागचा हात घरातलाच निघतो : कोंडमारा झालेली सून, अभ्यासाच्या धाकाने पिचलेला मुलगा. प्रकार थांबतो, पण नाव चव्हाट्यावर येत नाही. त्या माणसाला समजावतात, गरज असेल तर डॉक्टरांकडे नेतात. भूत खोटं ठरतं आणि माणूस जगायला मोकळा राहतो. प्रत्येक हँकला ही सवलत द्यावी असं मी म्हणत नाही; चित्रं चोरणारा अभिरक्षक तुरुंगातच शोभतो. पण दर दोन-चार भागांत एकदा तरी मुखवट्याखाली लबाडाऐवजी गांजलेला माणूस निघावा, आणि त्या चार पोरांना आणि कुत्र्याला आता याचं करायचं काय, असा पेच पडावा. पोलीस यायच्या आधीची ती दोन मिनिटं जुन्या मालिकेने कधी दाखवली नाहीत. त्या खाणीवर हँकला पगार किती होता, तेही 1969 मध्ये कुणी विचारलं नाही. आता विचारायला हरकत नसावी.